आईशी इंग्रजीत

शिकागोहून ह्यूस्टनला येताना विमानात माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते. मांडीवरच्या मखमली पेटीवर ते सारखा अंगठा फिरवत होते. न राहवून मी विचारलं. इथल्या मुलांना आयुष्यभर अरबी शिकवली म्हणून त्यांना आदल्या दिवशी पुरस्कार मिळाला होता. पेटी त्यांनी जरा किलकिली केली, आतली सोनेरी अरबी अक्षरं दाखवली आणि चटकन मिटली.

मग मी आईला फोन केला. "अगं, निघतंय विमान, पोचले की बोलते!" नेहमीच्या खणखणीत आवाजात.

तेवढ्यात त्यांचाही फोन वाजला. पलीकडे कुणी म्हातारी आनंदाने रडत होती, मलाही ऐकू येत होतं. हे मात्र "येस, येस. ओके. थँक यू," एवढंच बोलले.

"आई होती," ते म्हणाले. "तिला इंग्रजी कळत नाही."

मी थक्क झाले. "मग अरबीत का नाही बोललात?"

त्यांनी मागच्या-पुढच्या सीटांवर नजर टाकली.

"विमानात आहोत ना, मॅडम. तुमच्या भाषेला कुणी घाबरत नाही."

ह्यूस्टनला उतरल्यावर मी आईला फोन लावला. "पोचले गं," म्हणताना माझा आवाज आपोआप खाली आला होता.