युसूफभाईंच्या गुंड्या

युसूफभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका लाकडी फळ्यावर काळी गुंडी अडकवत होते. फळ्यावर रंगाने रस्ते काढलेले. गावागावाच्या जागी खिळे. एक गुंडी म्हणजे एक ट्रक. गुंड्या त्यांच्या बायकोच्या, शहनाजभाभींच्या शिवणाच्या डब्यातल्या.

ते धुळ्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बावीस वर्षं होते. पेट्रोल पंप, ढाबे, जकात नाके, सगळीकडे त्यांची माणसं. चौऱ्याऐंशी साली भटू ड्रायव्हरचे वडील दोंडाईच्याला अत्यवस्थ होते. भटू नागपूरच्या वाटेवर कुठेतरी. युसूफभाईंनी पाच फोन केले आणि त्याला पारोळ्याच्या पंपावर गाठलं. बापलेकाची भेट झाली.

मी सत्त्याण्णवमध्ये आलो. मराठी साहित्यातला बी.ए. मालकांनी दोन ट्रकांच्या टपावर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली होती. ऑफिसात संगणक. त्याच्यावर दर अर्ध्या तासाने ट्रकचा ठिपका पुढे सरकायचा. तो बघणं ही माझी नोकरी.

"काय कवी, ठिपक्याने चहा घेतला का?" युसूफभाई विचारायचे.

"तो चहा घेत नाही, भाई."

"मग ड्रायव्हर नाही तो."

डिसेंबरात त्यांची नात मेहरुन पाचोऱ्याला आजारी पडली. वय सहा. घटसर्प. घसा बंद होत चालला होता. लागणारं औषध पाचोऱ्यात नव्हतं, जळगावात नव्हतं, धुळ्यातही नव्हतं. मुंबईत मिळालं. भटूची गाडी तिकडूनच येत होती. बर्फाच्या डब्यात औषध भरून त्याच्याजवळ दिलं. धुळ्यात डबा उतरवायचा, इथून जीपने पाचोरा, असं ठरलं. भटूच्या गाडीवर यंत्र होतं. मला वाटलं, बरं झालं.

सकाळी साडेअकराला ठिपका मालेगावच्या पलीकडे नाशिकच्या बाजूला थांबला. बाराला तिथेच. साडेबाराला तिथेच.

"भाई, गाडी बंद पडली असेल."

युसूफभाईंनी पडद्याकडे पाहिलं. खिशातून एक लहान पांढरी गुंडी काढली, सदऱ्याची. ती मालेगावच्या खिळ्यावर अडकवली. भटूची काळी गुंडी होती तिथेच ठेवली.

"ही कुणाची?"

"डब्याची."

"फोन आला का?"

"नाही."

त्यांनी चाळीसगावच्या एस.टी. स्टँडवर फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग सोडून दिला.

दीड वाजता पाचोऱ्याच्या डॉक्टरांचा फोन आला. मी उचलला. औषध कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं. चारपर्यंत येणार नसेल तर मुलीला आत्ताच टॅक्सीने जळगावला न्यावं लागेल. तिथे गळ्याला छेद देऊन नळी घालतील. पण रस्त्यात ती तग धरेल याची खात्री नाही.

मी पडद्याकडे पाहिलं. ठिपका हलला नव्हता.

"औषध मालेगावच्या पलीकडे अडकलंय," मी म्हणालो.

युसूफभाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"डॉक्टरसाहेब, मुलीला हलवू नका. औषध एस.टी.त बसलंय. चाळीसगावच्या जवळ आलंय."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. 

"माझी नात आहे, साहेब," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

"भाई, हे तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत कुठे आहे?" ते म्हणाले. "भटू भरली गाडी सोडणार नाही. पण डबा मांडीवर घेऊन बसणारही नाही. क्लीनर आहे ना, असलम. त्याला एस.टी.त बसवला असेल. मालेगावहून सव्वाबाराची पाचोरा गाडी असते."

"आणि ती चुकली असेल तर?"

त्यांनी फळ्याकडे पाहिलं. पाणी मागितलं. 

त्यानंतर मी फक्त पाहत होतो. अर्ध्या तासाने पडदा उजळायचा. ठिपका जागेवर. युसूफभाई उठायचे, पांढरी गुंडी पुढच्या खिळ्यावर न्यायचे. चाळीसगाव. कजगाव. भडगाव. मधे कुठलाही फोन नाही. मला कळेना कशाकडे पाहावं. पडद्यामागे उपग्रह होता. फळ्यामागे काय होतं?

चारला दहा कमी असताना फोन वाजला. ते उठले नाहीत. मी घेतला. त्यांचा जावई होता. असलम डबा घेऊन एस.टी.तून उतरला होता. इंजेक्शन दिलं होतं. आता वाट पाहायची.

मी सांगितलं. युसूफभाईंनी मान हलवली. पांढरी गुंडी काढली. माझ्या हातात दिली. 

"तू लाव," ते म्हणाले.

मी ती पाचोऱ्याच्या खिळ्यावर अडकवली.

इतक्यात भटूचा फोन आला. गाडी नुकतीच दुरुस्त झाली होती. डबा असलमजवळ दिला, हे त्याने सांगितलंच नाही. ते भाईंना ठाऊक असणार, असं त्यानेही धरलं होतं. त्याने एकच विचारलं.

"भाई, डबा पोचना का?"

"पोचना रे, भटू," युसूफभाई म्हणाले आणि रडायला लागले.

मेहरुन वाचली. पुढच्या आठवड्यात मालकांनी मला विचारलं, यंत्र त्या दिवशी चुकलं होतं का? मी नाही म्हणालो. गाडी खरंच तिथे उभी होती. मग युसूफभाई बरोबर होते का? मी त्यांना पाचोऱ्याच्या खिळ्यावरची पांढरी गुंडी दाखवली.