अक्कांचे खरपूस बटाटे

त्या सकाळी मी मंडईत बटाटे निवडत होते. बऱ्याच दिवसांनी अक्कांनी आपण होऊन काही मागितलं होतं, "सुमन, उद्या बटाटे भाज गं, करडईच्या तेलात." पिशवी अर्धी भरली आणि मुलीचा फोन आला. "आई, आत्या गेली..." पुढचं मला ऐकूच आलं नाही.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. तरुणपणीच वैधव्य आलं आणि मंगळवेढ्याच्या सासरहून त्या सोलापूरला, भावाच्या घरी परतल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सगळे कानडीत बोलायचे, मी भांबावून जायची. अक्कांनी मला स्वयंपाकघरात नेलं, हातात बटाटा दिला आणि अंगठ्यानं घासायला लावला. "साल सुटली? मग नवा हाय. पाणचट. रश्शात टाक. भाजायला जुना, जाड सालीचा घ्यावा." तूप महाग म्हणून त्या करडईच्या तेलात भाजायच्या, तूप उतरवताना चमचाभर. अर्धवट उकडलेल्या फोडी पातेल्यात झाकण लावून हलवायच्या. कडा खरबरीत झाल्या की तव्यावर कुरकुरीत व्हायच्या.

माझे मिस्टर अचानक गेले, तेव्हा मी अन्नाला शिवत नव्हते. अक्का रोज बटाटे भाजून ताटली माझ्यापुढे ठेवायच्या आणि तिथंच बसून राहायच्या. एकदा मी ओरडलेच, "तुमचा भाऊ गेलाय अक्का, तुम्हाला खाणं सुचतंच कसं?"

"त्यो गेला," त्या म्हणाल्या, "तू हायस की अजून." आणि मग पहिल्यांदाच माझ्यासमोर हुंदके देऊन रडल्या. त्या दिवशी आम्ही दोघी एकाच ताटलीत जेवलो.

पुढं घशाच्या आजारात त्यांची चव गेली. मी भाजायची, त्या नुसता वास घ्यायच्या. "तेल नीट तापलं न्हवतं," म्हणायच्या... आणि खरंच तापलेलं नसायचं.

त्या गेल्यावर कित्येक आठवडे मी बटाटे भाजले नाहीत. परवा मुलीनं हट्ट धरला म्हणून तवा चढवला. पहिली फोड मीठ बघायला जवळ उभं असेल त्याच्या तळहातावर ठेवायची, ही अक्कांची सवय कधी माझी झाली, कळलं नाही. मी फोड उचलली, फुंकर घातली, "मीठ बघा की, अक्का," म्हणत हात बाजूला नेला...

तिथं कुणीच नव्हतं. फोड माझ्या बोटांत निवत गेली.