आधी कात्री, मग पाणी

द्राक्षकाकांच्या घरी गेलं की पाण्याआधी हातात कात्री मिळायची. एकदा दसऱ्याला मी चांगली सिल्कची साडी नेसून त्यांच्या पाया पडायला गेले, तर आशीर्वाद देऊन त्यांनी मला थेट वेलींत नेऊन उभं केलं. "पाणी काय, कुठेही मिळतं. घड आज उतरवायला हवेत," म्हणाले. साडीवरचे डाग अजून गेलेले नाहीत.

आमच्या व्हरमाँटमध्ये मे महिन्यातही पहाटे गवत गोठतं. तिथे निफाडच्या या माणसाने नोकरीतून रिटायर झाल्यावर घरामागच्या उतारावर द्राक्षं लावली. जात थंडी सोसणारी निवडली, तेवढाच काय तो शहाणपणा. बाकी फवारणी नाही, वाइनमध्ये बाहेरचं यीस्ट नाही, ती टिकावी म्हणून काही घालणं नाही. "मी काही करत नाही, सगळं वेल करते," असं ते पाहुण्यांना सांगत. वेल काही करत नसे. मी करायचे, आणि माझा नवरा समीर करायचा.

जुलैत पानांवर भुंगेरे बसले की आम्ही सकाळी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन ते एकेक वेचून तिच्यात टाकायचो. "काका, एकदा औषध मारून मोकळे व्हा ना," मी म्हणायचे. "औषध आजारी माणसाला देतात. माझ्या वेली आजारी नाहीत, चिडल्यात." मीही चिडलेले असायचे, पण माझी कुणी विचारपूस केली नाही.

पहिल्याच वर्षी त्यांनी केलेला पराक्रम काकूंनी मला सांगितला. निफाडला दसऱ्याच्या सुमारास फळ धरण्यासाठी गोडी छाटणी करतात, म्हणून यांनी इथेही ऑक्टोबरात नारळ फोडून बाग छाटली. पुढच्या थंडीत निम्म्या वेली मेल्या. तेव्हापासून बर्फ वितळायला लागल्याशिवाय ते कुणाला छाटणीला हात घालू देत नसत. तरी चूक कबूल करणं नाहीच. "छाटणी बरोबर होती," ते म्हणत, "ऑक्टोबर चुकीचा निघाला."

त्यांच्या तळघरात जागा संपली तेव्हा बाटल्या आमच्या बेसमेंटमध्ये आल्या. त्यांच्याकडच्या गारठ्यात झोपलेली वाइन आमच्या हीटरच्या उबेत जागी झाली आणि नेमकी माझ्या हळदीकुंकवाच्या दिवशी बाटल्या फुटायला लागल्या. वर बायका वाण घेतायत आणि खाली धडाधड आवाज. मी रडकुंडीला येऊन फोन केला. "जिवंत आहे म्हणून फुटली," काका म्हणाले. "दुकानातली कधी फुटते का? उरलेली कशी लागते ते सांग." व्हिनेगरसारखी लागत होती. तसं मी सांगितलंही.

त्यांना माझ्या मताशी कर्तव्य नव्हतंच. त्यांना फक्त काकूंनी एक ग्लास पूर्ण प्यायला हवा होता. दरवर्षी नवी बाटली उघडली की काकू एक घोट घेत, ग्लास खाली ठेवत आणि म्हणत, "अजून जमलेली नाही." काका मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत जात. मला या माणसाचा इतका वैताग यायचा, आणि त्याच्यावर माझा इतका जीव होता.

या जानेवारीत ते गेले. शेवटची वाइन काचेच्या मोठ्या बरणीत तशीच राहिली होती. ती मी आणि समीरने बाटल्यांत भरली. मार्चअखेर त्यांची मुलगी फ्रीमाँटहून घर विकायचं ठरवायला आली. "आई, बी प्रॅक्टिकल. एकटी इथे काय करणार? बायर सगळ्या वेली काढून टाकेल, पण दॅट्स ओके ना?" काकू मला म्हणाल्या, "त्या शेवटच्या वाइनची बाटली उघड."

मी ग्लास भरून दिला. वाइन खरंच बरी झाली होती. मी स्वतः चाखली होती. काकूंनी एक घोट घेतला. मग खिडकीतून बर्फ वितळत आलेल्या उताराकडे पाहिलं. ग्लास खाली ठेवला.

"अजून जमलेली नाही," त्या मुलीला म्हणाल्या. "आता ही जमेपर्यंत मला इथून हलता येणार नाही."

मी कपाळाला हात लावला. मग पाणी मागितलं. काकू उठल्या, मागच्या दाराशी गेल्या आणि खिळ्यावरची कात्री काढून माझ्या हातात ठेवली.