तीन नंबरची डिस्क

शिवशरणच्या दुकानात व्हिडिओ कॅसेटला मरण नव्हतं. एका लग्नाचं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवलं, की तीच कॅसेट पुसून तो दुसऱ्या लग्नाला न्यायचा. बाप शिरोळकडं पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचा. पोरगा कोल्हापुरात राजारामपुरीत कॅमेरा घेऊन बसला. कामाला वाघ, पण चिक्कू पक्का. त्यामुळं अख्ख्या हंगामाची लग्नं एका जुन्या सर्व्हरच्या सहा हार्ड डिस्कांवर, देवाच्या भरवशावर पडलेली असायची.

२००६ ची दिवाळी झाली आणि एका सकाळी गडमुडशिंगीच्या झुंबरबाई दुकानात आल्या. लेकीचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत त्यांचे मालक पिराजी वारले, म्हणून सीडी न्यायची राहून गेली होती.

"फोटू हायत वो घरात," त्या म्हणाल्या. "पर त्यास्नी बोलताना बघायचं हाय."

"बसा मावशी, आत्ता दावतो की," म्हणत शिवशरण आतल्या खोलीत गेला. सर्व्हरमधून टकटक, खर्रर्र असा आवाज येत होता. पडद्यावर सूचना होती : तीन नंबरची डिस्क बिघडली. त्या यंत्राची रचनाच अशी, की सहांतली एक डिस्क गेली तर उरलेल्या पाच तिचं ओझं उचलतात. पण दुसरी गेली की सगळं पाण्यात. चुकून चांगली डिस्क ओढली असती, तर पिराजी पुन्हा एकदा गेले असते, आणि या वेळी शिवशरणच्या हातून.

नवी डिस्क कपाटात होती. सर्व्हरमधल्या '३' ची चिठ्ठी चिकटवलेल्या डिस्कवर त्यानं हात ठेवला आणि थबकला. आवाज इथून येत नव्हता. शेवटी इंजिनवाल्याचा लेक! बाप इंजिनाला पान्हा टेकवून कान लावायचा, तसा त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मूठ कानाशी धरली. तीन गप्प. चारवर मात्र खर्रर्र! पडदा म्हणतो तीन, कान म्हणतो चार. ऐकायचं कुणाचं?

चिठ्ठ्यांवरचं कुंकू दिसलं तसा त्यानं कपाळावर हात मारला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करताना त्यानंच हे नंबर चिकटवले होते. यंत्र शून्यापासून मोजतं, म्हणून पहिल्या डिस्कवर तो शून्य लिहायला गेला, तर आई रत्नव्वा कडाडली होती, "पूजंच्या दिशी शून्य? एकापासनं लिव्ह की!" आईपुढं शहाणपण चालतंय होय? यंत्राची तीन म्हणजे आईची चार!

त्यानं चारची डिस्क काढली. खरखर थांबली. नवी डिस्क बसवली, लग्नाची फाईल उघडली, आणि ती सुरू झाली. शिवशरण मटकन खुर्चीत बसला. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग उठून त्यानं झुंबरबाईंना आत बोलावलं.

पडद्यावर पंगत बसली होती आणि फेटा बांधलेले पिराजी आचाऱ्यावर ओरडत होते, "आरं वाढा की पावण्यास्नी! हात काय आखडताय?"

"अवो, हळू बोला की जरा. लोक बघत्यात," झुंबरबाई सवयीनं बोलून गेल्या. मग पदर तोंडाला लावून त्या हसल्या, डोळे पुसले आणि शिवशरणला म्हणाल्या, "बाबा, आवाज वाढीव."