आठ तोंडांची पेटी

ताईंना सगळे ताईच म्हणत, चहावाल्यापासून साहेबांपर्यंत. पन्नाशीला टेकलेल्या, चष्मा कायम कपाळावर आणि जीभ तिखट. बातम्यांच्या एका वाहिनीत स्टुडिओच्या मागे एक थंडगार, बिनखिडकीची खोली होती आणि तिथल्या यंत्रांवर ताईंचं राज्य होतं. राज्य कसलं डोंबलाचं, कोठडीच ती! पण हे कळायला त्यांना फार उशीर लागला.

खोलीत एक पेटी होती. तिला मागे आठ तोंडं. कॅमेऱ्याचं चित्र तारेतून एका तोंडात शिरायचं, दुसऱ्यातून बाहेर पडायचं आणि घराघरात पोचायचं. गंमत अशी की कुठल्या तोंडानं आत घ्यायचं आणि कुठल्यानं बाहेर सोडायचं, हे कायमचं ठरलेलं नव्हतं. कॉम्प्युटरवर सेटिंग फिरवलं की आजचं इनपुट उद्या आउटपुट.

एकदा भर बातम्यांत पेटीचं एक तोंड मेलं. ताईंनी तार उपसली, दिसेल त्या तोंडात खुपसली, सेटिंग फिरवलं आणि चित्र हजर! साहेब म्हणाले, "ताई, तुमच्यावाचून इथलं पान हलत नाही." झालं! बाई चढल्या हरभऱ्याच्या झाडावर. पुढे दर अडचणीला तोच इलाज. हळूहळू असं झालं की चिकटवलेलं लेबल म्हणतंय 'बाहेर' आणि तोंड घेतंय आत. "लेबलं बदलत कोण बसतंय? मला पाठ आहे सगळं," असं त्या ऐटीत सांगायच्या. कुणी शिकायला आलंच तर मुद्दाम अर्धंच सांगायच्या. आपला भाव आपणच कशाला उतरवायचा?

मग व्हायचं तेच झालं. रजा मागितली की साहेब हात जोडायचे. "तुम्ही गेलात आणि काही बिघडलं तर?" आई गेली तेव्हाही ताई घरी पोचल्या त्या सगळं आटोपल्यावर. त्या दिवशी त्यांना स्वतःची इतकी चीड आली की बाथरूममध्ये नळ सोडून त्या ढसाढसा रडल्या.

आता गावी वडील एकटेच राहिले होते आणि त्यांची नजर झपाट्यानं जात चालली होती. दूध उतू गेलेलं दिसत नाही, पायरी दिसत नाही. त्याच गावातल्या शाखेत एक जागा रिकामी झाली. ताईंनी बदलीचा अर्ज केला आणि साहेबांसमोर ठाण मांडून बसल्या.

"नाही म्हणत नाही मी," साहेब म्हणाले. "नवा माणूस देतो. त्यानं एक आख्खा थेट कार्यक्रम एकट्यानं काढून दाखवला की तुम्ही मोकळ्या. पण तुम्ही हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल."

नवा माणूस आला. झुपकेदार मिशा, म्हणून त्याचं नाव पडलं मिशीवाले. माणूस सज्जन, पण कासवाचा भाऊ. प्रत्येक गोष्ट दोनदा वाचल्याशिवाय बटण दाबायचा नाही. ताईंनी दात-ओठ खाल्ले, पण या वेळी हातचं काही राखलं नाही. पेटीची आठही तोंडं सरळ लावली, जुनी लेबलं नखांनी खरवडून नवी चिकटवली. वडिलांना फोन केला, "बाबा, माझ्यासाठी कपाटातला एक कप्पा मोकळा करा."

परीक्षेच्या दिवशी सकाळचा कार्यक्रम होता. मिशीवाले खुर्चीत, ताई मागे हाताची घडी घालून, साहेब दारात. अर्धा कार्यक्रम सुरळीत गेला आणि अचानक मुख्य कॅमेऱ्याचं चित्र गेलं. पडदा काळा ठिक्कर. नुसता आवाज चालू.

मिशीवाले उठले. तार काढली, राखीव तोंडात लावली. बरोबर! पण ते तोंड आउटपुटवर होतं. ते खुर्चीत बसले, सेटिंग उघडलं आणि आपल्या सवयीनं वाचू लागले. पडदा काळाच. ताईंचे हात शिवशिवायला लागले. अहो, दाबा! दाबा ना! बोट तर बटणाच्या वरच आहे! आणि काय होतंय हे कळायच्या आत त्यांनी मिशीवाल्यांच्या खांद्यावरून हात घातला आणि बटण दाबलं.

चित्र आलं. स्टुडिओतून कुणीतरी ओरडलं, "वा, ताई!"

मिशीवाल्यांनी मान वळवली. "ताई, मला येत होतं हो," ते हळूच म्हणाले. "दाबतच होतो मी."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या.

साहेब आत आले. माणूस दुष्ट नव्हता, उलट त्यांचा चेहरा सुटकेनं उजळला होता. "बघा, हे असं आहे! तुम्हाला सोडू तरी कसं? पुढच्या वर्षी नक्की बघू."

दार उघडं होतं आणि ते ताईंनी आपल्याच हातानं लावून घेतलं होतं.

कार्यक्रम संपतो न संपतो तोच वडिलांचा फोन आला. त्यांना धड दिसत नसलं तरी ते रोज हीच वाहिनी लावून बसायचे.

"पोरी, मधेच चित्र गेलं म्हणे. शेजारीण सांगत होती. आणि लगेच आलं. तूच केलंस ना?" आवाजात कोण कौतुक!

"हो, बाबा."

"मी म्हटलंच तिला, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही ते."

ताईंना हुंदका आवरेना. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. पण तो पलीकडे पोचलाच.

"बरं, बरं," वडील म्हणाले. "मग कप्पा मोकळा करायची घाई नाही तर."