डब्याची उघडी बाजू

खंडेनवमीला लॅपटॉपवर अक्षता वाहताना कुंकवाचा वास आला आणि पवनारच्या घरातला जुना कॉम्प्युटर आठवला. उकाड्यामुळे त्याच्या डब्याची एक बाजू आम्ही कायम उघडीच ठेवायचो. अशाच एका नवमीला, पूजेनंतर, तो चालू होऊन दोन मिनिटांत बंद पडायला लागला. कॉलेजात द्यायचा माझा प्रोजेक्ट आत अडकलेला. रॅम काढून खोडरबरानं घासली, वायरी बदलल्या. दुपार गेली. शेवटी आतल्या पंख्यात तांदळाचे दाणे दिसले.

"बाबा, अक्षता आत काऊन टाकल्या?"

"काम तं आतूनच करते ना तो!"

दाणे काढताच कॉम्प्युटर नीट चालला. बाबांनी हात जोडले. "पाह्य, पूजा पावली!"

मी दातओठ खात राहिलो.

आज लॅपटॉप सुरू झाला, तेव्हा माझेही हात जोडले गेले. स्वतःचाच राग आला.