खरं बोलणारा भाडेकरू

ईशान, मीरा, आमच्या दिग्रसमध्ये आजवर खरं बोलणारा एकच माणूस राहून गेला, आणि तो आमचा भाडेकरू होता. बाकी आम्ही सगळे, तुमच्या आजोबांसकट, सभ्य माणसं. हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे परवाचा मीराचा फोन. बाबाने नोकरीसाठी आम्हाला उचलून कुठल्या कुठे परदेशात आणलं आजी, इथे आमच्यासारखं कुणीच नाही, असं म्हणून ती रडवेली झाली. तेव्हा ठरवलं की ज्याने तुमच्या बाबाच्या बरोब्बर उलट केलं त्या माणसाची गोष्ट तुम्हाला सांगायचीच. हा गृहस्थ हॉलंडमधलं राहतं घर विकून नोकरीसाठी भारतात आला. भारतात म्हणजे मुंबईला नव्हे, दिल्लीला नव्हे, यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसला. आणि तोही ऐन एप्रिलमध्ये. सोबत बायको, चार वर्षांची मुलगी, रांगता मुलगा आणि गाडीच्या चाकाएवढं चीज. चीजने आठवडाभरात धीर सोडला. माणसं टिकली.

आमचा वरचा मजला त्याने भाड्याने घेतला तेव्हा दाराची चौकट त्याच्या गळ्यापर्यंत येते हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. रोज सकाळी वरून धाडकन आवाज यायचा आणि पाठोपाठ 'सॉरी'. तो चौकटीची माफी मागायचा. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे त्याची दुभाषी म्हणून माझी नेमणूक मला न विचारताच झाली. त्या नोकरीत निम्मं काम भाषांतराचं आणि निम्मं डागडुजीचं असतं. आजोबांनी एकदा त्याला समोर बसवून पेटीवर तासभर गाणं ऐकवलं आणि कसं वाटलं म्हणून विचारलं. तो विचार करून म्हणाला की गाणं लांब होतं आणि मध्ये मध्ये चुकलं. मी भाषांतर केलं, "फार आवडलं म्हणतोय." आजोबांनी खूश होऊन आणखी एक सुरू केलं आणि त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या नजरेचं भाषांतर मला आजही जमायचं नाही.

त्याच्या तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. दोन्ही मुलांना बसवायला त्याने इथल्या सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली, ती वेल्डिंगवाल्याकडून सायकलच्या पुढे बसवली आणि भर बाजारातून हिंडायला लागला. लोकांना वाटलं कुल्फीवाला आला. बसस्टँडवर एका बाईने पेटीचं झाकण उघडायला हात घातला तर आतून दोन निळे डोळे. वाढदिवसांचं कॅलेंडर तो संडासात लावायचा. त्यांच्याकडे म्हणे असंच असतं, रोज नजर पडते. आपलं नाव तिथे टांगलंय हे कळल्यावर आजोबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता आणि पहाटे उठून हातात फुलं घेऊन आलेला गावातला एकमेव माणूस तो होता. विरजण मागायला यायचं तरी 'गुरुवारी संध्याकाळी चालेल का' असं विचारणारा हा प्राणी. उलट त्याची मुलगी महिनाभरात पुरती दिग्रसकर झाली. सकाळी उठली की थेट माझ्या स्वयंपाकघरात. "आजी, मले अजून एक पोयी दे," असं म्हणून पाटावर मांडी ठोकून बसायची. तिची आई भाजीबाजारात अशी घासाघीस करायची की भाजीवाल्या तिला लांबून पाहूनच भाव खाली आणायच्या. तिघंही इथे रुजली. फक्त ज्याच्या नोकरीसाठी आली होती तोच रुजेना.

ती नोकरी होती कापसाची. त्याच्या देशातल्या एका कंपनीला विषारी फवारणीशिवाय पिकवलेला कापूस हवा होता आणि तसं पेरायला शेतकऱ्यांना राजी करणं हे त्याचं काम. ती वर्षं कापसाला वाईट होती. बोंडअळी औषधाला दाद देत नव्हती, भाव पडलेले होते, गावोगावच्या बातम्या सांगण्यासारख्या नव्हत्या. अशात दर आठवड्याला कुणीतरी नवी जीप घेऊन यायचं, नवं बियाणं, नवी बाटली, तीच जुनी आश्वासनं. लोक ऐकायचे, चहा प्यायचे आणि जीप वळली की थुंकायचे. आमचा भाडेकरू मात्र सभेत उभा राहून पहिलंच वाक्य बोलायचा की पहिली दोन वर्षं उत्पन्न कमी येईल. मी भाषांतर करताना 'थोडं' हा शब्द घालून पाहिला. त्याने मला थांबवलं. आतापर्यंत त्यालाही मराठी कळायला लागली होती. "थोडं नाही. बरंच," तो म्हणाला. लोक हसत हसत उठून गेले. हा कसला विकणारा, आपलाच माल खराब सांगतो. दारव्ह्याकडे तेच झालं, पुसदकडे तेच. शेवटी कंपनीने कळवलं की मृग लागेपर्यंत एक तरी गाव तयार झालं नाही तर काम बंद, परत या. परत कुठे? घर तर विकलेलं. त्याची बायको हे मला सांगताना तूर निवडत होती आणि निवडलेली तूर पुन्हा खड्यांत टाकत होती.

मृगाला थोडे दिवस उरले असताना एका संध्याकाळी जवळच्या बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, चौघा माणसांना घेऊन आले. तांड्यावर त्याने दोनदा सभा घेतली होती, त्याचं उत्तर द्यायला. उत्तर 'नाही' होतं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. पण आपल्याकडे दारात जाऊन नाही कोण म्हणतं? ते वर गेले, बसले, पावसाबद्दल बोलले, बैलांबद्दल बोलले, पुन्हा पावसाबद्दल बोलले. सहा वाजले. सहा ही हॉलंडची जेवणाची वेळ. तिथे बसलेल्या पाहुण्याला यजमान सांगतो की आता आम्ही जेवणार, आणि पाहुणा उमजून निघून जातो. कुणाला त्यात वाईट वाटत नाही. हा उठला आणि घटवून ठेवलेल्या मराठीत म्हणाला, "आता आमी जेवाले बसतो."

नायकांनी इतरांकडे पाहिलं. एवढ्या आग्रहाला नाही कसं म्हणायचं? पाचही जण उठले, मोरीवर हातपाय धुतले आणि ओळीने मांडी घालून बसले.

भाडेकरू धाडधाड जिना उतरून खाली आला. घाईत चौकटीची माफी मागायचीही राहिली. ते जात नाहीत, म्हणाला. मी म्हटलं, आता ते जेवल्याशिवाय जाणार नाहीत. वर काय होतं? मोजून चौघांचे उकडलेले बटाटे आणि पाव. मी पिठलं टाकलं, त्याच्या बायकोने भाकरी थापल्या, मुलीने ठेचा वाढला आणि प्रत्येकाला तिखट हाये म्हणून बजावलं. पंगत रंगात आली. एकाने हॉलंडहून नुकतंच पार्सलने आलेलं चीज चाखून हा साबण काहून खाता म्हणून विचारलं. आता सगळं निभावलं असं मला वाटतंय तोच आमच्या सत्यवानाने तोंड उघडलं. माझ्याकडे वळून, मला प्रत्येक शब्द सांगायला लावून, त्याने कबूल केलं की जेवायला बसतो म्हणजे त्याला तुम्ही जा असं म्हणायचं होतं.

नायकांचा घास हातात राहिला. मला वाटलं, संपलं. घर गेलं, नोकरी गेली, आता अब्रूही गेली. मग ते हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. पाणी पिऊन म्हणाले, "साहेब, आमी तुमाले नाही म्हनाले आलतो. तोंडातून निंगेना म्हून बसून राह्यलो."

मग बाकीच्यांकडे वळून, जणू साहेब तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाले, "जो मानूस पंगतीत बसलेल्याले उठा म्हन्याले लाजत नाही, तो कापसाचं खोटं कायले बोलन?"

त्यांनी त्याला पुन्हा सगळं विचारलं. पीक कमी येईन? येईल. अळी पडन? पडेल. भाव बरा देसान? कंपनी असेपर्यंत देऊ. कंपनी किती दिवस राहीन? ते मला माहीत नाही, तो म्हणाला. मी एकाही उत्तराची डागडुजी केली नाही. नायकांनी ताटात हात धुतले आणि सांगितलं की सारी जमीन नाही देत, पण नाल्याकाठची देतो, आणि तांड्यातल्या आणखी काही घरांना सांगतो. अन्न खाल्लं होतं. आता नाही म्हणणं तसंही जमलं नसतं. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर असता तर डोळ्यांना लावला असता. तिने फडकं लावलं.

असे ते तीन हंगाम राहिले. पीक त्याने सांगितल्याप्रमाणे बरंच कमी आलं, अळीही पडली, आणि भाव त्याने सांगितल्याप्रमाणे बरा मिळाला. मग कंपनीला दुसऱ्या कुठल्या देशात स्वस्त कापूस सापडला आणि तिने गाशा गुंडाळला. निघताना तांड्यावरची सगळी माणसं बसस्टँडवर आली. त्याची मुलगी माझ्या कमरेला धरून सोडेना, आणि काय काय बोलली ते सगळं वऱ्हाडीत होतं, म्हणून मला ते जास्त लागलं. नायकांच्या म्हाताऱ्या आईला सगळे याडी म्हणायचे. तिने त्याच्या हातावर गूळ ठेवून विचारलं, परत कधी येशील? अशा वेळी माणूस लवकरच येतो म्हणतो. विचारणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं. त्याने गूळ तोंडात टाकला, खूप वेळ चघळला, आणि डोळे भरलेले असताना म्हणाला, "बहुतेक नाही येणार."

तो आला नाही. पहिली काही वर्षं पत्रं येत होती, मग तीही थांबली. याडी गेली. तांड्यातल्या बाकीच्या घरांनी केव्हाच फवारणी सुरू केली. नाल्याकाठचं शेत आता नायकांचा मुलगा करतो आणि त्यात अजून विष मारत नाहीत.